कळंबाचा मांडव

“उतरवा हे सगळं! आत्ताच्या आत्ता!”

हिंदुराव आबांनी मांडवाच्या दारातलं तोरण मुठीत धरलं आणि ओढलं. आईच्या जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या फाडून, त्यांची वेणी घालून मी ते तोरण केलं होतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, पण तिची लुगडी काही लेचीपेची नव्हती. वेणी तुटेना. आबांनी दुसरा हात लावला, जोरात हिसका दिला, तशी ती सुटली आणि तिच्याबरोबर कळंबाची चार पानं त्यांच्या फेट्यावर येऊन पडली. बायकांत कुणीतरी फसकन हसलं. तिथून जे बिनसलं ते बिनसलंच.

नवरदेव नुकताच घोड्यावरून उतरला होता. वाजंत्री थांबली. सगळं वऱ्हाड आबांच्या पाठीमागं दारातच तुंबलं.

हिंदुराव आबा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या, रेवतीच्या होणाऱ्या नवऱ्याचे थोरले चुलते. नवरदेवाचे, धैर्यशीलचे वडील तो शाळेत असतानाच वारले. तेव्हापासून त्या घरातच काय, सगळ्या भावकीत आबा म्हणतील ती पूर्व दिशा. धैर्यशीलची आई, सुलोचनाबाई, थोरल्या दिरापुढं डोक्यावरचा पदरसुद्धा सरकू द्यायच्या नाहीत. धैर्यशील पुण्यात कंपनीत होता, शिकलेला होता, सज्जन होता. पण चुलता खाकरला की त्याचं सगळं शिक्षण खिशात जायचं.

माझा आणि आबांचा उभा दावा लग्न ठरल्यापासूनचा. बैठक झाली आणि लगेच त्यांचा निरोप आला: दारात मोठी कमान पाहिजे, दोन बाजूंना थर्माकोलचे हत्ती, प्लास्टिकच्या फुलांच्या माळा आणि कमानीवर फ्लेक्स. फ्लेक्सचा नमुना त्यांनी कागदावर छापून पाठवला होता. नवरा-नवरीचे फोटो कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे. मध्ये गॉगल लावून हात जोडलेले हिंदुराव आबा. त्या साली पंचायत समितीच्या निवडणुका होत्या आणि आबांना तिकिटाची आशा होती.

मी उलटा निरोप धाडला. “लग्न रेवतीचं आहे, प्रचाराची सभा नाही. आमच्या मांडवात प्लास्टिकची दोरीसुद्धा येणार नाही.”

हे काही पुस्तकात वाचलेलं खूळ नव्हतं. आदल्या वर्षी गल्लीतल्या एका लग्नानंतर उकिरड्यावर टाकलेल्या माळा आमच्या दोन म्हशींतल्या गाभण म्हशीनं खाल्ल्या. पोट फुगून, पाय झाडत मेली बिचारी. डॉक्टरांनी पोट फाडलं तेव्हा आत लाल-पिवळ्या पाकळ्या आणि नायलॉनच्या दोऱ्याचा नारळाएवढा गोळा निघाला. पाकळ्यांचा रंगसुद्धा गेला नव्हता. रेवती त्या म्हशीपाशी बसून रडली होती. उठताना मला म्हणाली, “ताई, माझ्या लग्नात जे काय बांधशील ते म्हशीला खाता आलं पाहिजे.”

मग मी तसाच मांडव घातला. मेढी, म्हणजे खांब, आणि आडवे वासे आमच्या बांबूच्या बेटातल्या वेळूंचे. बांधायला केळीच्या सोपटाची दोरी. दाराला वाढ्यांसकट, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यासकट, उभे ऊस आणि खांबांना शाळू ज्वारीची कणसं. नारळाच्या करवंट्या घासूनपुसून त्यात पणत्या बसवल्या. कारखान्याच्या रस्त्यावरची कळंबाची, म्हणजे कदंबाची झाडं विजेच्या तारांना लागत होती म्हणून लाईनमननी छाटली होती. त्या फांद्या तात्यांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ट्रॉली भरून घरी आणल्या. ती रुंद, तुकतुकीत पानं मी आणि गल्लीतल्या बायकांनी पत्रावळी लावतात तशी चोयांनी एकमेकांना टाचली आणि मांडवाचं सगळं छत तयार केलं. खाली उभं राहिलं की हिरवा उजेड अंगावर यायचा. मी नवऱ्याचं घर सोडून माहेरी परत आले होते. त्यानंतर मन लावून केलेलं हे पहिलं काम. बोटांना भोकं पडली होती, पण मला त्या छताचा फार अभिमान वाटत होता.

आणि आता हा माणूस ते उतरवा म्हणत होता.

“काय झालं, आबा?” मी पुढं झाले.

“काय झालं ते मला इचारतीस? वर काय लावलंयास?”

“पानं.”

“कसली पानं?”

“कळंबाची.”

“ऐकलंसा मंडळी?” आबा मागं वळून ओरडले. “कळंबाची! आवो, कळंब आमचं देवक हाय! आमच्या सात पिढ्यांत कुणी त्या झाडाला कोयता लावला न्हाई, आणि ह्यांनी त्याच्या फांद्या तोडून आमच्या डोक्यावर टांगल्यात. ह्याच्याखाली आमचा पोरगा बोहल्यावर चढायचा?”

आमच्या भागात देवक म्हणजे चेष्टा नव्हे. प्रत्येक कुळाचं आपलं एक देवक असतं, कुणाचं झाड, कुणाचं मोराचं पीस, कुणाचं आणखी काही. लग्नाआधी ते घरी आणून पुजायचं, मगच अक्षता. त्या झाडाला कुळातली माणसं इजा करत नाहीत. आणि देवक एक असेल तर ती माणसं भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. आमचं देवक पंचपल्लव, पाच झाडांच्या डहाळ्या. त्या दिवशी पहाटेच तात्यांनी त्या आणून देवघरापुढं बसवल्या होत्या. नवरदेवाकडचं देवक काय ते मला ठाऊक नव्हतं. बैठकीत असल्या गोष्टी पुरुषमाणसं बोलतात आणि मला तर बैठकीच्या खोलीत चहा घेऊनसुद्धा येऊ दिलं नव्हतं. टाकलेल्या मुलीनं पुढं येऊ नये, असं चुलतीचं मत पडलं.

“धैर्यशील,” मी नवरदेवाला विचारलं, “तुमच्या घरी देवक बसवलं तेव्हा काय होतं?”

त्यानं मुंडावळ्या बाजूला केल्या. “सुपात होतं काहीतरी. हिरवं. वरून कापड होतं.”

“बघितलं नाही?”

“ताई, मी पाया पडलो फक्त.”

आबांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं मुंडावळ्या परत तोंडावर सोडल्या.

“हे बघा पाव्हणं,” आबा आता तात्यांकडं वळले. “चूक झाली ती झाली. आमी काय वाकड्यात शिरनारी माणसं न्हाई. हे छप्पर खाली काढा. सजावटीचं मी बघतो. माझ्या वळखीचा माणूस हाय, तासाभरात सगळं उभं करतोय.”

त्यांनी बोट दाखवलं तिकडं मी बघितलं. शाळेच्या भिंतीआड टेम्पो उभा होता. ताडपत्रीतून थर्माकोलच्या हत्तीची सोंड बाहेर आली होती आणि तिच्याखाली फ्लेक्सची गुंडाळी. सामान सकाळीच भरलेलं दिसत होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आदल्या दिवशी दुपारी आबा तयारी बघायला म्हणून आले होते. ह्याच छताखाली खुर्ची टाकून मीच त्यांना चहा दिला होता. त्यांनी हात वर करून एक पान तोडलं, बोटांत फिरवलं आणि मला विचारलं होतं, “हे कसलं पान म्हनायचं, पोरी?” मी सांगितलं होतं, “कळंबाचं.” “असं का,” म्हणाले होते आणि पान चुरगाळून बशीत टाकलं होतं.

“आबा, काल तुम्हीच मला विचारलंत हे कसलं पान म्हणून,” मी म्हणाले. “स्वतःचं देवक ओळखता आलं नाही?”

“मी? कवा?”

“काल दुपारी. चहा पिताना. पान चुरगाळून बशीत टाकलंत.”

“खोटं बोलतीया ही!” आबा कडाडले. “आन् हिचं काय ऐकायचं? नवऱ्यानं टाकलेली बाई! हिच्या हातनं लग्नाचा मांडव घातलाय हे कळलं, तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली हुती. जिला सोताचा संसार करता आला न्हाई, ती दुसरीच्या संसारावर पानं झाकतीया!”

त्यांच्यामागं दोन-तीन माणसं हसली. मी तात्यांकडं बघितलं. तात्या आयुष्यभर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला होते. गाडीचं वजन थोडं इकडं-तिकडं लिहा म्हणून पुढाऱ्यांनी सांगून बघितलं, धमकावून बघितलं. तात्यांचं उत्तर ठरलेलं, “काटा सांगंल ते.” अख्ख्या तालुक्यात त्यांच्या शब्दाला किंमत होती. पण त्या वेळी ते मान खाली घालून हातातली टोपी चोळत उभे होते. मुलीचा बाप. थोबाडीत मारली तरी दुसरा गाल पुढं करायचा, असंच त्यांना शिकवलेलं. मला आबांचा आला नसेल इतका तात्यांचा राग आला.

“अहो, मुहूर्त जवळ आला,” जोशीकाका भटजी मध्ये पडले. “काय ते लवकर ठरवा.”

“ठरलंय,” आबा म्हणाले. “पोरांनो, चढा वर. ओढा खाली.”

दोन गडी खुर्च्या घेऊन पुढं सरसावले. एकानं वर हात घालून ओढलं आणि माझ्या छताचा एक पट्टा टर्रकन फाटून लोंबायला लागला. मग मी जे बोलले ते आधीपासून ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि माझ्याच कानांनी मी ते ऐकलं.

“थांबा! छप्पर काढायचं कारण नाही. हे लग्नच होणार नाही.”

गडी खुर्चीवरच थबकले.

“आबा म्हणतात ते खरं असेल,” मी म्हणाले, “तर लग्न मोडलंच. कारण आमचंही देवक कळंबच आहे. एका देवकाची माणसं म्हणजे बहीणभाऊ झाली. काय हो जोशीकाका, लावता येतं का असं लग्न?”

जोशीकाकांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. “छे, छे. मला नाही लावता येणार.”

आमच्या भावकीत कुजबुज उठली. पहाटे देवघरापुढच्या डहाळ्या सगळ्यांनी बघितल्या होत्या. चुलतीनं माझ्याकडं डोळे वटारले. पण वऱ्हाडासमोर घरचं उघडं पाडायची तिचीही छाती झाली नाही.

आतून रेवती धावत आली. पिवळी साडी, हातात हिरवा चुडा, कपाळावर मुंडावळ्या. तिनं माझा दंड धरला. तिची नखं रुतली.

“ताई, काय बोलतेस तू? शुद्धीवर आहेस का?”

“तू आत जा.”

“माझं लग्न मोडतेस? पानांसाठी?” तिचा आवाज फाटला. “काढू दे की त्यांना! लावू दे प्लास्टिक! मला नाही चालणार असं मीच म्हटलं होतं, पण आता चालतंय मला. तुझं टिकलं नाही म्हणून माझंपण...”

पुढचं तिनं गिळलं. पण ते मला पोचलं. आबांनी मला ‘टाकलेली’ म्हटलेलं मी ऐकून घेतलं होतं. बहिणीच्या तोंडचं ते अर्धं वाक्य मात्र आजही कधी कधी भाजी निवडताना, धुणं वाळत घालताना आठवतं आणि हात थांबतो.

मी मागं हटले नाही. हटले असते तर रेवती त्या घरात जन्मभर मान खाली घालून राहिली असती, तात्यांसारखी.

आबांचा चेहरा बदलला होता. लग्न मोडणं त्यांच्या हिशेबात कुठंच नव्हतं. एवढ्या वऱ्हाडासमोर पुतण्याला बिनलग्नाचा परत नेला असता तर निवडणुकीत लोकांनी त्यांना कशाचं तिकीट दिलं असतं ते सांगायला नको. पण मांडवात ओरडून सांगितलेलं देवक आता गिळायचं कसं? शेवटी त्यांना वाट सापडली. त्यांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाजात मध आणला.

“पाव्हणं, पोरीबाळींचं सोडा. तुमी काट्यावरचा मानूस. तुमच्या तोंडातनं कवा खोटं निघालं न्हाई म्हंत्यात. तुमी सांगा. तुमचं देवक कळंब हाय?”

तात्यांना असं विचारलं की संपलंच. काटा सांगेल ते. आता ते पंचपल्लव म्हणणार, मी भर मांडवात खोटी पडणार, छप्पर खाली येणार आणि वर आबांचा फोटो चढणार.

तात्यांनी टोपी डोक्यावर घातली. नीट घातली, दोन्ही हातांनी. मग आबांच्या डोळ्यांत बघून म्हणाले,

“व्हय. कळंब.”

आबांचं तोंड उघडलं. काहीतरी बोलायला उघडलं आणि तसंच मिटलं. तात्या डोळे न हलवता त्यांच्याकडं बघत राहिले. दोघांमध्ये काय चाललं होतं ते तेव्हा मला कळलं नाही. एवढंच दिसलं, की आबांचा हात तात्यांच्या खांद्यावरून हळूच खाली आला.

“भावजी,” मागून बारीक आवाज आला. सुलोचनाबाई होत्या. पदर नाकापर्यंत ओढलेला, पण शब्द स्वच्छ. “कळंब ते तुमच्या आजोळचं असंल. आपलं न्हवं. गडबडीत हुतं असं माणसाचं.”

सगळं वऱ्हाड आबांकडं बघायला लागलं. त्यांनी फेट्यावरचं पान काढलं, त्याच्याकडं बघितलं.

“आजोळचं,” ते म्हणाले. “हां. आईच्या माहेरचं. लहानपनापासनं ऐकत आलोय न्हवं, म्हनून डोक्यात ऱ्हायलं.”

“मग लावायचं का लग्न?” जोशीकाकांनी विचारलं.

“लावा की. कोन नगं म्हंतंय?”

फाटलेला पट्टा तसाच लोंबत राहिला आणि त्याच्याशेजारी आंतरपाट धरला गेला. रेवतीनं हार घालताना एकदा माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत आनंद नव्हता, पण नखंही नव्हती. अक्षता पडल्या. आबा पंगतीला बसले नाहीत. पित्त झालंय म्हणाले आणि टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून गावी गेले. फ्लेक्सची गुंडाळी सोडलीच गेली नाही.

आबा नंतर आमच्या घरी कधी आले नाहीत आणि मीही त्यांना कधी बोलावलं नाही. पण त्या मांडवातलं त्यांना आयुष्यभर निस्तरावं लागलं. आजोळचं देवक म्हणून बसल्यावर मान ठेवणं आलं. गावातल्या प्रत्येक लग्नाला लोक मुद्दाम त्यांच्यापुढं कळंबाची डहाळी आणून ठेवायचे आणि आबांना चप्पल काढून हात जोडावे लागायचे. रेवतीच्या सासरच्या दारात एक कळंब वाढला होता. फोर-व्हीलर लावायला तो तोडायचा आबांचा बेत होता. तो त्यांना तोडता आला नाही. आता रेवतीच्या मुलीचं लग्न त्याच्या सावलीत करायचं चाललंय, आणि छत टाचायला मलाच बोलावलंय.

त्या दिवशी मात्र संध्याकाळी पाठवणी झाली, मांडव रिकामा झाला, आणि मी खुर्चीवर चढून छत उतरवायला लागले. कळंबाच्या पानांची परसातल्या खड्ड्यात माती होणार होती. तात्या खाली उभे राहून दाराचे ऊस सोडवत होते आणि वाढ्यांच्या पेंड्या बांधत होते. रेवती गेल्यावर घर एकदम मोठं वाटत होतं. शेवटी मलाच राहवलं नाही.

“तात्या, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात.”

“हं.”

“आबा गप्प का बसले पण? मला वाटलं आणखी ओरडतील.”

तात्यांनी पेंडीला गाठ मारली. “बैठकीत त्यांनी आमचं देवक इचारलं, मी पंचपल्लव म्हनून सांगितलं. मी त्यांचं इचारलं, त्यांनी सांगितलं वेळू. बाकीची मानसं उठून गेलती, दोगंच हुतो आमी खोलीत. मी खोटं बोलतोय हे त्यांस्नी ठावं हुतं आन् ते खोटं बोलत्यात हे मला.”

मी खुर्चीवरच उभी राहिले. वेळू. ज्याच्या मेढी रोवून मी तो सगळा मांडव उभा केला होता, ज्याला धरून ते गडी वर चढले होते, तो वेळू. त्याला कोयता लावल्याचं आबांना काहीच वाटलं नव्हतं.

“म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?”

“व्हय.”

माझा आवाज चढला. “मग तेव्हाच का नाही बोललात? आईच्या लुगड्यांचं तोरण ओढलं तेव्हा? मला टाकलेली म्हणाले, लोक हसले, तेव्हासुद्धा टोपी चोळत उभे राहिलात! वेळू एवढा एक शब्द बोलायचा होता!”

तात्यांनी वर बघितलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचे डोळे भरलेले दिसले, पण आवाज त्यांचा नेहमीचाच होता, वजन सांगतानाचा.

“पोरीच्या बापानं व्याह्याला खोटं पाडायचं नसतं, वैजू. पोरगी त्यांच्या घरात नांदायची असती.” मग पेंडी खांद्यावर घेतली आणि म्हणाले, “पर आपुन सोता खोटं बोलायचं न्हाई, असं कुठं कोन म्हनलंय?”

आणि ते वाढे म्हशीला घालायला गोठ्याकडं गेले.